दोरीच्या टोकावरचे तीन मिलिमीटर

"डायनासोर असताना आदिमानव गुहेतून बाहेर कसा पडायचा?" हा प्रश्न मला एका सातवीतल्या मुलाने विचारला होता आणि वर्गात कोणीच हसलं नाही, उलट सगळे माझ्याकडे उत्तरासाठी बघत होते. म्हणजे सगळ्यांनाच तो पडला होता. तेव्हा मी आपलं "ते एका काळातले नव्हते रे" एवढं सांगून पुढे गेलो, पण नंतर लक्षात आलं की गडबड इथेच आहे. मुलांना उत्क्रांती पटत नाही किंवा अवघड जाते असं आपण म्हणतो, पण माझ्या अनुभवात बऱ्याचदा उत्क्रांतीपर्यंत गाडी पोचतच नाही, ती आधीच काळाच्या आकड्यावर अडकलेली असते. "फार पूर्वी" नावाचं एकच मोठं पोतं असतं डोक्यात, त्यात राजे, आदिमानव, मॅमथ, डायनासोर सगळे एकत्र कोंबलेले. त्या पोत्यावर नैसर्गिक निवड वगैरे कितीही छान शिकवा, मूल मनात म्हणतं की एवढ्याशा वेळात माशाचा बेडूक कसा होईल? आणि त्याचं बरोबरच आहे की! त्याच्या डोक्यातल्या वेळेत नाहीच होणार.

म्हणून मी आता उलटं करतो. आधी काळ, मग उत्क्रांती.

सुरुवात सेकंदांपासून. लाख आणि कोटी हे दोन्ही शब्द मुलांसाठी "खूप" या एकाच अर्थाचे असतात (खरं सांगायचं तर मोठ्यांसाठी पण, आणि त्यात इंग्रजी पुस्तकातलं मिलियन-बिलियन आलं की विचारूच नका, मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी हे फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवावं). तर विचारायचं, एक लाख सेकंद म्हणजे किती वेळ? साधारण २८ तास. दहा लाख सेकंद? साडेअकरा दिवस. एक कोटी सेकंद म्हणजे ११६ दिवस, जवळपास चार महिने. आणि १०० कोटी सेकंद म्हणजे जवळपास ३२ वर्षं. इथे वर्गात आवाज होतोच. आता पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. एका वर्षाला एक सेकंद धरला तर पृथ्वी १४४ वर्षांची म्हातारी आणि आपली माणसाची जात, म्हणजे होमो सेपियन्स, जिचे सगळ्यात जुने अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदला सापडलेत आणि साधारण ३ लाख वर्षांचे आहेत, ती साडेतीन दिवसांची.

मग दोरी. टाइमलाइनचे तक्ते मिळतात बाजारात, पण त्यांचा मोठा प्रॉब्लेम असा की ते कागदावर मावावेत म्हणून शेवटचा भाग ताणून मोठा केलेला असतो आणि सुरुवातीची अब्जावधी वर्षं एका पट्टीत दाबलेली असतात. त्यामुळे तक्ता बघून नेमकं उलटंच शिकलं जातं. दोरी खोटं बोलत नाही. ४५ मीटर ४० सेंटिमीटर दोरी घ्यायची, मैदानात नाहीतर लांब व्हरांड्यात पसरायची, आणि हिशोब असा की १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं, १ सेंटिमीटर म्हणजे १० लाख, १ मिलिमीटर म्हणजे १ लाख. हा हिशोब इतका सरळ बसतो की मुलं स्वतःच टेप लावतात.

एक गोष्ट मात्र पाळायची, आधी उत्तरं सांगायची नाहीत. कपड्यांचे चिमटे द्यायचे आणि म्हणायचं, लावा बघू अंदाजाने, पहिला जीव कुठे, पहिला मासा कुठे, डायनासोर कुठे, माणूस कुठे. डायनासोर हमखास दोरीच्या मध्यावर येतो, माणूस टोकापासून तीन-चार मीटरवर, आणि पहिला जीव कुठेतरी पहिल्या अर्ध्याच्या शेवटी. ते चिमटे काढायचे नाहीत, तसेच राहू द्यायचे, दुसऱ्या रंगाच्या चिमट्यांनी खऱ्या जागा दाखवायच्या. स्वतःची चूक दोरीवर लटकलेली दिसली की आकडा लक्षात राहतो.

खऱ्या जागा "आज"च्या टोकापासून मोजायच्या. ४५.४ मीटरवर पृथ्वी तयार झाली. जीवसृष्टीच्या जुन्या खुणा, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारा भागातले स्ट्रोमॅटोलाइट, सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेले खडक, ते ३५ मीटरच्या आसपास येतात. मग चालायला लागायचं. ३४, ३३, ३२... काहीच नाही. मुलं विचारतात सर आता काय? काही नाही, बॅक्टेरिया आणि त्यांच्यासारखे एकपेशीय जीव. २४ मीटरच्या सुमारास हवेत ऑक्सिजन साठायला लागतो, तोही बॅक्टेरियांचाच उद्योग. पुन्हा चालायचं. १६-१७ मीटरवर केंद्रक असलेल्या पेशींचे बऱ्यापैकी खात्रीचे जीवाश्म मिळतात. पुन्हा चालायचं. या टप्प्यावर मुलं कंटाळतात, आणि खरं सांगतो, तो कंटाळा मला हवाच असतो. पृथ्वीवरच्या जीवनाचा बहुतेक काळ डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा होता हे वाक्य पाठ करून काही होत नाही, ते पायांना कळावं लागतं.

आणि मग शेवटच्या सहा मीटरमध्ये नुसती गर्दी. पावणेसहा मीटरवर एडियाकारन काळातले मऊ अंगाचे विचित्र जीव, ५.४ मीटरवर कॅम्ब्रियन काळाची सुरुवात, जिथून कवचं, पाय, डोळे असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म भराभर दिसायला लागतात. (यालाच कॅम्ब्रियन स्फोट म्हणतात, पण तो "स्फोट" पण दोरीवर हाताच्या वितीएवढा तरी आहे, म्हणजे दोनेक कोटी वर्षं, हे जरूर मोजून दाखवा.) ४.७ मीटरच्या आसपास जमिनीवर वनस्पती, पावणेचारच्या आसपास मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधले जीव, २.५२ मीटरवर पर्मियन काळाच्या शेवटचा महाविनाश, आतापर्यंतचा सगळ्यात मोठा. त्यानंतर २.३ मीटरवर डायनासोर. ते ६६ सेंटिमीटरवर संपतात, म्हणजे त्यांचेच वंशज असलेले पक्षी सोडून बाकीचे. इथे एक गंमत मी नेहमी करतो. टी रेक्स ६६-६८ सेंटिमीटरवर आणि पाठीवर तबकड्या असलेला स्टेगोसॉरस दीड मीटरवर. मोजा म्हणावं अंतर. टी रेक्सला स्टेगोसॉरसपेक्षा आपण जवळचे! खेळण्यांच्या डब्यात दोघं शेजारी शेजारी असतात तरी.

माणसाची आणि चिंपांझीची वाट वेगळी झाली ती ६-७ सेंटिमीटरवर. होमो सेपियन्स ३ मिलिमीटर. शेती मिलिमीटरचा दहावा भाग, आणि लिपी, लिहिलेला इतिहास, सगळी साम्राज्यं वगैरे त्याच्याही निम्म्यात, म्हणजे बारीक केसाच्या जाडीत. त्या सातवीतल्या मुलाला इथे वेगळं काही सांगावं लागत नाही, तो स्वतःच ६६ सेंटिमीटर आणि ३ मिलिमीटर यांच्या मधे बोट फिरवत उभा राहतो.

यानंतर एखादं हुशार पोर विचारतंच, हे आकडे आणले कुठून? कोण बघायला गेलं होतं? हा प्रश्न आला की आनंद मानायचा, चिडायचं नाही. आणि उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: क्रम आणि वय.

क्रम आधी कळला. खालचा थर जुना, वरचा नवा, हे निकोलस स्टेनो या शास्त्रज्ञाने १६६९ मध्येच मांडलं होतं. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ नावाचा सर्व्हेअर कालवे खोदण्याच्या कामावर होता, त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक थरात ठराविकच जीवाश्म असतात आणि त्यांचा क्रम सगळीकडे सारखा असतो. १८१५ मध्ये त्याने त्यावरून देशाचा भूशास्त्रीय नकाशाच छापला. त्याचा भाचा जॉन फिलिप्स, त्याने १८४१ मध्ये जीवाश्मांच्या बदलांवरून पॅलिओझोइक, मेसोझोइक, सेनोझोइक असे तीन मोठे भाग पाडले. आता तारखा बघा. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ मध्ये. म्हणजे "उत्क्रांती खरी मानून थर लावले आणि थरांवरून उत्क्रांती सिद्ध केली" असा जो आरोप होतो तो या तारखांपुढे टिकत नाही, थर आधी लागले होते, आणि लावणाऱ्यांच्या डोक्यात उत्क्रांती नव्हती. आणि त्या तीन भागांच्या सीमा म्हणजे आपल्या दोरीवरचे २.५२ मीटर आणि ६६ सेंटिमीटर, दोन महाविनाश! काळाची नावं कोणी मनाला येईल तिथे रेघ मारून ठेवलेली नाहीत, खडकातले जीव जिथे बदलले तिथे रेघ आहे. हे कळलं की ती जड नावं जरा सुसह्य होतात. पाठ मात्र करून घेऊ नका कृपा करून.

वय कळायला वेळ लागला. १८६२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनने पृथ्वी थंड होण्याच्या गणितावरून २ कोटी ते ४० कोटी वर्षं असा आकडा काढला, आणि केल्विन म्हणजे त्या काळचं केवढं मोठं नाव, डार्विनला त्याचा बराच त्रास झाला कारण एवढा वेळ पुरणार कसा. केल्विनचं गणित चूक नव्हतं, गृहीतक चूक होतं, पृथ्वीच्या पोटातला खडक अतिशय हळू का होईना पण वाहतो आणि आतली उष्णता वर आणतो हे त्याने धरलंच नव्हतं. पुढे किरणोत्सार सापडला, म्हणजे काही मूलद्रव्यांचे अणू आपोआप, ठराविक वेगाने दुसऱ्या मूलद्रव्यात बदलत जातात हे कळलं, आणि खडकातलं घड्याळच हाती आलं.

हे घड्याळ शिकवायला शंभर नाणी पुरतात, एक नाणं म्हणजे एक अणू. सगळी उडवायची, छापा पडलेली बाजूला काढायची, उरलेली पुन्हा उडवायची. ५०, २५, १२ अशी साधारण उतरत जातात. कुठलं नाणं कधी जाणार हे सांगता येत नाही, पण किती उरलीत त्यावरून कितीदा उडवली ते सांगता येतं. युरेनियम २३८ चं अर्धं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, आणि शेवटी त्याचं शिसं होतं. झिरकॉन नावाचा स्फटिक तयार होताना युरेनियमला आत घेतो पण शिशाला जवळपास घेतच नाही, त्यामुळे आत सापडलेलं शिसं म्हणजे युरेनियमचंच झालेलं. क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये पृथ्वीच्या बरोबरीनेच तयार झालेल्या उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी काढलं, आणि तो आकडा आजही जवळपास तसाच आहे. "कार्बन डेटिंगने डायनासोरचं वय काढतात" हे मात्र खोडून काढाच, शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलंय मी. कार्बन १४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, पन्नासेक हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं त्यात काही उरत नाही, दोरीवर अर्धा मिलिमीटर. डायनासोरच्या हाडाच्या खालच्या-वरच्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरांचं वय काढतात आणि हाड त्या दोन आकड्यांच्या मधे बसतं.

आणि "कोण बघायला गेलं होतं" याला माझं आवडतं उत्तर म्हणजे टिकटालिक. शास्त्रज्ञांना मासे माहीत होते, चार पायांचे सुरुवातीचे प्राणी माहीत होते, मधली जागा मोकळी होती. नील शुबिन, टेड डेश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की मधला जीव असलाच तर सुमारे ३७.५ कोटी वर्षं जुन्या, उथळ नदी-ओढ्यांच्या गाळाच्या खडकात असला पाहिजे, आणि असे खडक उघडे कुठे आहेत ते नकाशात शोधलं. कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समिअर बेट. काही उन्हाळे हात हलवत परत आले. २००४ मध्ये सापडला: खवले आणि पर असलेला, पण माशाला नसते तशी मान असलेला आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं असलेला. आधी सांगून मग सापडला, हे महत्त्वाचं. फक्त मुलांना "हा आपला पणजोबा" असं सांगू नका, पोलंडमध्ये त्याच्याहूनही जुन्या, सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या पावलांच्या ठशांचं संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झालंय, त्यामुळे टिकटालिक हा पणजोबा नसून चुलत पणजोबा असणार.

आता दोरीची स्वतःची एक खोड आहे आणि ती मला बरीच वर्षं कळली नव्हती. दोरी सरळ असते आणि तिच्या टोकाला आपण माणूस लावतो, त्यामुळे मुलांच्या मनात बसतं की सगळी वरात माणसाकडे चालली होती, आधी बॅक्टेरिया "होते", मग मासे "झाले", मग माकड, मग आपण. आणि मग तो अजरामर प्रश्न येतो, माकडापासून माणूस झाला तर आजची माकडं माणूस का होत नाहीत?

त्यावर एक उपाय सापडला. दोरी पिळाची घ्यायची, आणि शेवटच्या सहा मीटरचा पीळ सोडायचा. धागे सुटतात, फाटे फुटतात. काही धागे कात्रीने मधेच कापून टाकायचे, २.५२ मीटरवर तर मूठभर कापायचे. आतापर्यंत होऊन गेलेल्या प्रजातींपैकी ९९ टक्क्यांहून जास्त आज नाहीत, म्हणजे कापलेले धागेच फार. आणि जे शेवटपर्यंत पोचतात त्या सगळ्यांची टोकं "आज"वरच येतात. बॅक्टेरियाचं, गांडुळाचं, चिंपांझीचं, आपलं, सगळ्यांची लांबी सारखी, कोणी मागे राहिलेलं नाही. मग तो माकडाचा प्रश्न घ्यायचा: तू तुझ्या चुलतभावापासून जन्मलास का? नाही. तुमचे दोघांचे आजी-आजोबा एक. चिंपांझीचं आणि आपलं तसंच, फक्त ते आजी-आजोबा ६-७ सेंटिमीटर मागे आहेत.

भाषा पण आपल्याला फसवते. उत्क्रांती या शब्दातच "उत्" आहे, म्हणजे वर, आणि "क्रांती" आहे, जी ऐकली की काहीतरी एका रात्रीत उलथंपालथं झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती ना वर जाते ना एका रात्रीत होते. शब्द आता बदलता येणार नाही पण एकदा वर्गात सांगून टाकायला काय हरकत आहे. दुसरा चोर म्हणजे "साठी". उडण्यासाठी पिसं आली, झाडाचा पाला खाण्यासाठी मान लांब झाली. कोणाला आली? कोणी ठरवलं? चीनमध्ये १९९६ मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स नावाचा डायनासोर जाहीर झाला, अंगावर पिसांसारखे तंतू पण उडण्याचा संबंध नाही. पिसांची सुरुवात उडण्याच्या आधीची आहे, उडणं त्यांच्यावर नंतर बसलं. म्हणून मी मुलांना वाक्य बदलायला लावतो, "साठी" काढायचा आणि "ज्यांच्याकडे होतं ते जास्त उरले" असं म्हणायचं. लांबलचक होतं वाक्य, पण बरोबर होतं.

उरणं म्हणजे काय ते पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या फिंच नावाच्या छोट्या पक्ष्यांवरून छान कळतं. डॅफ्ने मेजर नावाच्या छोट्याशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून पक्षी मोजत होतं. १९७७ मध्ये दुष्काळ पडला, मऊ बारीक बिया संपल्या, मोठ्या टणक उरल्या, आणि एका जातीतले बहुतेक पक्षी मेले. वाचले ते सरासरीने जाड चोचीचे, आणि त्यांची पिल्लंही तशीच. कुठल्याही पक्ष्याची चोच वाढली नाही, हे दोनदा सांगा, बदलली ती कळपाची सरासरी. पुढे १९८३ मध्ये अल निनोचा धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि नंतरच्या वर्षांत लहान चोचीवाले वरचढ ठरले. म्हणजे पुढे गेलं आणि मागे आलं.

यावरून मुलांचा एक फार चांगला प्रश्न येतो, एवढं पटापट बदलतं तर मग कोट्यवधी वर्षं कशाला लागतात? कारण ते हेलकावे आहेत. हवा बदलली की दिशा बदलते, दहा पावलं पुढे नऊ मागे, कधी दहाच्या दहा मागे, आणि दोरीवर ती सगळी वर्षं मिळून मिलिमीटरचा दहा हजारावा भागसुद्धा होत नाहीत. पण एकाच बाजूला ओढ लागून राहिली तर केवढं होऊ शकतं ते बघायला दोरीवर ५० ते ४० सेंटिमीटर एवढा तुकडा धरा. जमिनीवरच्या प्राण्यांपासून देवमासे झाले ते याच तुकड्यात. ५० वर पाकिसेटस, पाकिस्तानात सापडलेला, लांडग्याएवढा, चार पायांवर चालणारा, पण कानाचं हाड देवमाशासारखं. पुढे थोड्याच अंतरावर अँब्युलोसेटस, पाण्यात आणि काठावर दोन्हीकडे वावरणारा. आणि ४० च्या जवळ बॅसिलोसॉरस, १५ मीटरहून लांब, पूर्ण समुद्री, तरी मागचे दोन पाय शिल्लक, शरीराच्या मानाने अगदी चिमुकले, गुडघ्यासकट. इजिप्तच्या वाळवंटात त्यांचे सांगाडे पडलेत. दहा सेंटिमीटर म्हणजे एक कोटी वर्षं. मुलांना बोटांनी ते अंतर धरायला सांगतो, आणि मग मागे वळून उरलेली पंचेचाळीस मीटर बघायला सांगतो.

तास संपला की दोरी गुंडाळून कपाटात. एक व्यवहाराची सूचना, माणसाचे ३ मिलिमीटर दाखवायला चिमटा चालत नाही, तो एकटाच सेंटिमीटरभर रुंद असतो, म्हणून मी टोक लाल शाईत बुडवतो. आणि दोरी ओढताना, गुंडाळताना टोक झिजतं, धागे तुटून पडतात, त्यामुळे बाकी सगळ्या खुणा वर्षानुवर्षं तशाच राहतात पण माणूस मात्र दरवर्षी नव्याने रंगवावा लागतो.